बोम जेझूसची शोभा आणि तिची भाषा

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली तेथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना वंशावळीसाठी महत्त्वाचा वाटतो, तर भाषेच्या अभ्यासकांना आणखी एका कारणासाठी. त्यातील राजवंशाचे वर्णन बहुतांशी संस्कृतात आहे. दान कोणास दिले, कोणत्या सवलती दिल्या हा व्यवहाराचा भाग मात्र प्राकृतात आहे. एकाच पत्र्यावर, एकाच टाकीने कोरलेल्या मजकुरात दोन भाषांनी आपापली कामे वाटून घेतलेली दिसतात. याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले आणि त्याच्या भिंतीवर संस्कृत श्लोकांत आपल्या लेण्याची गवाक्षे, स्तंभ व मूर्ती यांची वाखाणणी करून ठेवली. शोभा कोणी करविली हे त्या लेखावरून कळते. ती कोणी केली, आणि करणारे आपसांत कोणती भाषा बोलत होते, हे कळत नाही.

शोभिवंत वास्तूला विचारावयाचा हा प्रश्न केवळ प्राचीन लेण्यांपुरता नाही. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, मांडवीच्या काठी जुन्या गोव्यात उभ्या असलेल्या बोम जेझूसच्या मंदिराला तो विचारला, तर उत्तर थोडे अधिक हाती लागते, आणि ते अधिक अस्वस्थ करणारेही आहे. या मंदिराचे वर्णन सामान्यतः युरोपीय वास्तुकलेचा पूर्वेकडील एक उत्कृष्ट नमुना असे करण्यात येते. प्रवासी ते पाहतात, संत फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीपुढे क्षणभर उभे राहतात आणि बाहेर पडतात. वर्णन चुकीचे नाही, अपुरे आहे. मंदिराचा दगड, त्यातील लाकूडकाम व चांदीकाम करणारे हात, आणि त्याला लागूनच असलेल्या मठात छापले गेलेले मराठी पुराण, या तीन गोष्टी विचारात घेतल्या म्हणजे ही वास्तू मराठी भाषेच्या इतिहासाचेही एक साधन ठरते. मंदिरातील शिलालेखांत मात्र मराठीचे एक अक्षरही नाही.

प्रथम दगडाविषयी. मंदिराच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा हा कोकणचा व गोव्याचा घरचा दगड; खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की घट्ट, परंतु सच्छिद्र व पाणी पिणारा. त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून दर्शनी भागातील स्तंभ, कमानी, खिडक्यांच्या चौकटी व कोरीव पट्ट्या यांसाठी काळा बसाल्ट वापरण्यात आला, आणि तो वसईहून आणलेला होता. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांचे उत्तरेकडील प्रमुख ठाणे होती. वेरूळ, अजिंठा ज्यात कोरले गेले त्याच दख्खनी काळ्या पाषाणाचा हा समुद्रकाठचा भाऊबंद. या पाषाणातून मंदिराच्या दर्शनी भागावर खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन गोल खिडक्या आणि सर्वांत वर शिखरपट्ट अशी रचना उभी केली आहे. ग्रीक-रोमन परंपरेतील डोरिक, आयोनिक, कोरिंथियन या स्तंभप्रकारांची ओळख एकाच वास्तूवरून करून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हा दर्शनी भाग पुरेसा आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. बोम जेझूसचा तांबूस, उघडा जांभा पाहून ते प्राचीनत्वाचे लक्षण आहे असे पाहणारास वाटते. वस्तुतः मंदिर बाहेरूनही चुन्याने लिंपलेले होते. हा गिलावा विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, जीर्णोद्धाराच्या नावाखाली काढून टाकण्यात आला. बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुविशारदाकडे ते काम होते. जुना दगड दिसला की वास्तू जुनी वाटते, या समजुतीचा हा परिणाम. सतराव्या शतकातील माणसाने जे पाहिले ते काळ्या नक्षीच्या रेषांनी आखलेले पांढरेशुभ्र मंदिर होते. जांभ्याला गोव्याच्या पावसाळ्यात गिलाव्याचे पांघरूण लागते हे तेथील कोणताही गवंडी सांगेल. ते काढल्यामुळे दगड झिजत आहे, आणि तो पुन्हा लिंपावा अशी मागणी अलीकडच्या काळात वास्तुतज्ज्ञ व धर्मगुरू या दोघांकडूनही झालेली आहे. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चसमूहाला जागतिक वारशाचे स्थान मिळाले तेव्हा जगाने स्वीकारले ते हे सोललेले रूपच.

शिखरपट्टाच्या मध्यभागी तीन रोमन अक्षरे कोरलेली आहेत. त्यांवर भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. येशूच्या ग्रीक नावातील आयोटा, ईटा व सिग्मा ही पहिली तीन अक्षरे. परंतु ग्रीक ईटाचा आकार रोमन लिपीतील 'एच'सारखा असल्यामुळे पश्चिम युरोपात ती लॅटिन अक्षरे म्हणून वाचली गेली, आणि मग 'मानवांचा तारक येशू' अशा अर्थाचा लॅटिन वाक्प्रचार त्यांतून काढण्यात आला. लिपिभ्रमातून अर्थ जन्मास यावा आणि त्या अर्थाने मूळ व्युत्पत्तीस झाकून टाकावे, असे हे उदाहरण. जेझुइट संघाने ही अक्षरे आपली मुद्रा म्हणून स्वीकारली होती.

मंदिराची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली व १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी ते अर्पण केले. ही माहिती आत शिरताच गायनसज्जा तोलून धरणाऱ्या खांबांवरील शिलालेखांत आहे. हे लेख पोर्तुगीज व लॅटिन या दोन भाषांत आहेत. खर्च कोणी केला तेही आत गेल्यावर कळते. मध्यदालनाच्या उत्तरेकडील भिंतीत सोनेरी मुलाम्याच्या कांस्याचे एक स्मारक आहे, ते कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यस याचे. १५९३ मध्ये तो निवर्तला व त्याच्या मृत्युपत्रातील द्रव्यातून हे मंदिर उभे राहिले. वराहदेवाने जे लेण्याच्या भिंतीवर केले तेच येथे झाले आहे: दात्याचे नाव, अर्पणाची तिथी, प्रतिष्ठित भाषा.

आतील दालन सुमारे १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद व ६१ फूट उंच आहे. दोन्ही बाजूंस स्तंभांच्या ओळी नाहीत, त्यामुळे दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाची दृष्टी कोठेही न अडखळता सरळ मुख्य वेदीवर जाते. हा योगायोग नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक पंथाने प्रवचन व वेदीदर्शन यांना दिलेल्या महत्त्वामुळे जेझुइटांनी जगभर अशीच दालने बांधली. दालन साधे, पांढरे. आणि समोर सुमारे ५४ फूट उंच व ३० फूट रुंद असा सोन्याचा डोंगर. लाकडात कोरून त्यावर सोन्याचा वर्ख चढविलेल्या या वेदीच्या खालच्या भागात बाल येशूची लहानशी मूर्ती आहे, जिच्या नावाने हे मंदिर ओळखले जाते. तिच्यावर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची भव्य मूर्ती आहे. तो वर पाहत आहे. ज्याकडे पाहतो ती, दर्शनी भागावर भेटलेलीच तीन अक्षरे एका तेजोवलयात आहेत. आणि त्याहून वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पाहणाराची नजर कोठून कोठे चढावी हे मूर्तींच्या नजरांनीच ठरवून दिले आहे. मूर्तीच्या आकारांचे प्रमाण मात्र विचार करावयास लावते. ज्याचे मंदिर तो बाल येशू लहान, आणि ज्याच्या संघाने मंदिर बांधले तो संत मोठा. शब्दांत न मांडलेला असा संघाभिमान वास्तूत सहज वाचता येतो.

दक्षिणेकडील भिंतीत लाकडी प्रवचनपीठ आहे. त्याच्या बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार व चार धर्माचार्य कोरलेले असून तळाशी सात आकृती ते पीठ जणू खांद्यावर तोलून धरतात. हेमाडपंती देवळांत खांबाच्या माथ्यावर छत उचलणारे कीचक ज्याने पाहिले आहेत त्याला या भारवाहकांची ओळख पटकन पटेल. तेवढ्यावरून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे म्हणणे उतावीळपणाचे होईल, कारण युरोपातही भारवाहक आकृतींची परंपरा जुनी आहे. परंतु युरोपातून आलेला आराखडा हाती घेतलेल्या गोव्याच्या सुताराला ही कल्पना मुळीच परकी वाटली नसणार, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

हे सुतार, सोनार, चितारी कोण होते? त्यांची नावे मंदिरात कोरलेली नाहीत. त्यांच्याविषयीचा एक पुरावा उलट्या दिशेने मिळतो, तो मनाईच्या हुकमांतून. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती उपासनेच्या मूर्ती, चित्रे व पात्रे हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास बंदी घातली. अशा मनाया पुढेही होत राहिल्या. कायद्याच्या इतिहासातील एक साधा न्याय येथे लागू पडतो: जी गोष्ट वारंवार निषिद्ध ठरवावी लागते ती वारंवार घडत असते. युरोपातून कारागीर आणणे परवडणारे नव्हते, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवळांचे काम करणारे हात येथे होतेच. त्यांतील काहींनी धर्म बदलला, काहींनी बदलला नाही. पटाशी चालविण्याची रीत दोघांचीही तीच राहिली असेल.

त्याच दशकात हे हात रिकामे का झाले होते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर वेदीवरील सोन्याचे कौतुक अर्धे खोटे ठरेल. १५६६-६७ च्या सुमारास साष्टी तालुक्यातील देवळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पद्धतशीरपणे पाडली. मंगेश कुशस्थळीहून व शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या अंत्रूज महालात नेण्यात आली. म्हणजे ज्या पिढीने देवळे पडताना पाहिली तिच्याच मुलांनी बोम जेझूसची वेदी कोरलेली असण्याचा संभव आहे. या वास्तूकडे पाहताना हर्ष आणि विषाद यांपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण नाही. परंतु विषादाचा भाग पर्यटनपुस्तिकांतून वगळला जातो आणि वादाच्या पुस्तिकांतून तेवढाच ठेवला जातो, हे दोन्ही इतिहासलेखन नव्हे.

दालनाच्या दक्षिणेकडील बाहूत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सँचियन बेटावर वारला. त्याने हे मंदिर कधी पाहिले नाही. त्याचा गोव्यातील मुक्काम संत पावलाच्या विद्यालयात असे, ज्याची आज केवळ एक कमान उभी आहे. त्याचे शव १५५४ मध्ये गोव्यात आणले गेले, १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि त्यानंतर ते शव बोम जेझूसमध्ये आले. ज्या चांदीच्या पेटीत ते आहे ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्या रुपेकारांनी घडविली. तिच्या पत्र्यांवर संताच्या चरित्रातील प्रसंग उठविलेले आहेत. पेटीखालील रंगीत संगमरवराचा चौथरा मात्र इटलीचा आहे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने तो फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोगिनी या शिल्पकाराकडून करवून घेतला आणि १६९८ मध्ये तो येथे बसविण्यात आला. संताचे मस्तक ज्या उशीवर टेकले होते ती उशी ड्यूकला पाठविण्यात आली होती, तिची ही परतफेड. खाली फ्लॉरेन्स, वर गोवा, अशी ही समाधी आहे; आणि पाहणारांची दृष्टी जाते ती वर, गोव्याच्या कामाकडे. दर दहा वर्षांनी शवाचे दर्शन लोकांना देण्यात येते. यापूर्वीचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला.

बहुतेकांची भेट येथे संपते. मराठीच्या विद्यार्थ्याची येथून सुरू व्हावयास हवी. मंदिराला लागून जी मोठी इमारत आहे ती जेझुइट संघाच्या प्रतिज्ञाबद्ध साधूंचा मठ, पोर्तुगीजांत काझा प्रोफेसा. १६२९ साली या मठात एक ग्रंथ छापला गेला. लेखक इस्तेव्हाव द क्रूझ, मूळचा फ्रेंच, एतिएन द ला क्रुवा, विषय संत पीटरचे चरित्र, रचना ओवीबद्ध, आणि मुखपृष्ठावर भाषेचे नाव पोर्तुगीज वळणाने 'ब्राह्मण मराष्ट' असे दिलेले. मुद्रणस्थळ म्हणून गोव्यातील याच मठाचे नाव आहे. जेथे दगडावर केवळ लॅटिन व पोर्तुगीज, तेथेच भिंतीपलीकडे कागदावर मराठी ओवी. ताम्रपटातील वाटणीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. वंश, दाता, तिथी हे प्रतिष्ठित भाषेत. ज्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे त्यांच्यासाठी देशी भाषा. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या प्रमुख भ्रमांचे खंडन हा त्याचा हेतू सांगितला आहे. खंडनासाठी का होईना, परंतु ज्या पुराणांचे खंडन करावयाचे त्यांचाच छंद, त्यांचीच कथनपद्धती व त्यांचेच 'पुराण' हे रूप घ्यावे लागले, ही गोष्ट कोणत्याही शिलालेखाहून बोलकी आहे.

हा मार्ग अर्थात त्याचा स्वतःचा नव्हता. इंग्लंडमधील विल्टशरचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला व १६१९ मध्ये वारला. दरम्यान साष्टीत त्याने केलेल्या कार्याचे फळ म्हणजे १६१६ साली राशोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण. त्याचे दोन भाग मिळून १०,९६२ ओव्या आहेत. त्याच्या आरंभी ग्रंथाचे निमित्त सांगणारा एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही का देत नाही? ही विचारणा प्रत्यक्ष घडली की काव्याची सोय म्हणून योजली, हा प्रश्न गौण आहे. देवळे पाडणाऱ्या, ग्रंथ हिरावणाऱ्या सत्तेच्या छायेत राहणाऱ्या कवीने ती उणीव आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवली, हे महत्त्वाचे. बोम जेझूसची वेदी आणि ख्रिस्तपुराण यांची तुलना येथे सुचते. वेदीत घाट परदेशी, हात देशी. पुराणात हात परदेशी, घाट देशी.

स्टीफन्सच्या भाषेविषयी वाद पुष्कळ झाला आहे, आणि गोव्याच्या भाषिक राजकारणाने त्यात भर घातली आहे. खुद्द ग्रंथकार गद्य प्रस्तावनेत जे सांगतो ते पाहिल्यास बराच वाद मिटतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: ग्रंथ मराठीत लिहिला, कारण या देशीच्या भाषांत ईश्वरविषयक गोष्टी सांगण्यास ती योग्य वाटली, परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द मिसळले. ही ब्राह्मणांची भाषा म्हणजे आजची कोकणी. तिच्यात त्याने लिहिलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, व तिचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही राशोलला व त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्यांच्या मुखपृष्ठांवर भाषेचे नाव 'कानारी' असे आहे, 'मराष्ट' असे नाही. म्हणजे जेझुइट मुद्रकांना या दोन भाषा वेगळ्या दिसत होत्या आणि कोणत्या कामाला कोणती वापरावयाची हेही ठाऊक होते: शिकविण्यास एक, काव्यास दुसरी. वाशीमचा ताम्रपट येथे पुन्हा आठवतो, परंतु फरक असा की गोव्यात लॅटिन, पोर्तुगीज, मराठी व कोकणी अशी ही उतरंड चार पायऱ्यांची आहे.

शब्दसंग्रहाच्या दृष्टीने पाहता स्टीफन्सने दोन्ही दारे उघडी ठेवलेली दिसतात. स्वर्गासाठी 'वैकुंठ' घेण्यास तो कचरत नाही. पवित्र आत्म्यासाठी मात्र 'स्पिरितु सांतु' असे परके रूपच ठेवतो. कोणता शब्द भाषांतरित करावयाचा व कोणता नाही हा धर्मशास्त्राचा निर्णय असतो, कवित्वाचा नव्हे. लंडन येथील मार्स्डेन संग्रहातील ख्रिस्तपुराणाच्या नागरी हस्तलिखितात अशा परक्या शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजलेले आहेत. त्यामुळे मूळ पाठ कोणता, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यापुढे अजून उभा आहे.

पोर्तुगीज शब्द मराठीत किती व कसे आले याची छाननी सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात केली. त्यांतील चर्चशी थेट संबंधित असे 'पाद्री', 'नाताळ', 'क्रूस' हे शब्द सर्व महाराष्ट्राला परिचित झाले. 'इगर्ज', 'आल्तार' हे बव्हंशी गोवा व किनारपट्टीच्या ख्रिस्ती समाजात राहिले. परंतु वास्तू उभारताना लागणारे शब्द पाहावेत. 'घमेले', 'बिजागरी', 'चावी', 'मिस्त्री', 'बालदी' आणि कामाच्या शेवटी मिळणारा 'पगार' हे सारे पोर्तुगीजांतून आलेले असून, ज्या वाशीमच्या लोकांनी कधी पोर्तुगीज सत्ता पाहिली नाही तेथेही ते निखालस मराठी म्हणून वापरले जातात. वऱ्हाडातील गवंड्याच्या घमेल्यात जे आहे ते धर्मोपदेशकाच्या तोंडून आलेले नाही. एका कारागिराने दुसऱ्याला, एका बांधकामाने दुसऱ्याला दिलेले ते देणे आहे. बोम जेझूससारख्या कामांवर राबलेल्यांची नावे दगडावर राहिली नाहीत, परंतु त्यांच्यासारख्यांच्या तोंडचे शब्द असे दूरवर पोहोचले.

शोभेचाही असाच परतीचा प्रवास झाला. नदीपलीकडे गेलेल्या दैवतांची देवळे पुढे मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. कवळे येथील शांतादुर्गेच्या देवळाची उभारणी शाहूच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नारोराम मंत्र्याच्या पुढाकाराने झाली. त्यांचे घुमट, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, भिंतीतून पुढे आलेले अर्धस्तंभ पाहिले म्हणजे चर्च बांधणाऱ्या गवंड्यांच्याच परंपरेने ती बांधली हे सांगावे लागत नाही. ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्या वास्तूंचा घाट पुन्हा उभारलेल्या देवळांनी निःसंकोचपणे घेतला.

भाषेला मात्र असा निःसंकोच परतीचा मार्ग मिळाला नाही. संभाजीच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीज सरकारने २७ जून १६८४ रोजी, कोंद द आल्व्होर या व्हाइसरॉयच्या कारकीर्दीत, देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. हुकूम पूर्णपणे अमलात येणे अशक्यच होते. परंतु मिशनऱ्यांच्या मराठी लेखनाची परंपरा त्यानंतर क्षीण झाली. १७५९ मध्ये जेझुइटांचीच गोव्यातून हकालपट्टी झाली, १८३५ मध्ये उरलेले संघही बरखास्त झाले. जुन्या गोव्यातील कित्येक मठ ओस पडून कोसळले, आणि बोम जेझूस उभे राहिले. संताच्या शवाचे पावित्र्य हे त्याचे एक प्रमुख कारण असावे. ग्रंथांना असा रक्षक नव्हता. ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले होते, तरी पहिल्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. भक्तांनी हाताने उतरून घेतलेल्या रोमन लिपीतील प्रतींवरूनच जोसेफ सालढाणा यांना १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याचे संपादन करावे लागले.

ही सारी मुद्रणे रोमन लिपीत होती. १९०७ चेही तसेच. त्यामुळे घाटावरील मराठी वाचकाला, ज्याला ओवी कळली असती, हे पुराण तीन शतके डोळ्यांनी वाचता आले नाही. स्टीफन्सला याची जाणीव होती. १६०८ मध्ये रोमला संघप्रमुखास लिहिलेल्या पत्रात त्याने देशी लिपीचे खिळे पाडण्याची अनुमती मागितली होती. या लिपीत व्यंजनाला स्वर जोडून अक्षर होते, त्यामुळे साचे सहाशेच्या घरात जातात. परंतु ते दोनशेपर्यंत कमी करता येतील, असा हिशेबही त्याने दिला होता. बाराखडी व जोडाक्षरे यांचा मुद्रणाच्या दृष्टीने केलेला हा फार जुना विचार होय, अ. का. प्रियोळकरांनी १९५८ च्या आपल्या भारतीय मुद्रणविषयक इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा परामर्श घेतला आहे. खिळे पडले नाहीत. वेदीवर सोन्याचा वर्ख चढविण्यास त्या काळी द्रव्य मिळाले, दोनशे साच्यांना मिळाले नाही. ख्रिस्तपुराण समग्र देवनागरीत छापून आले ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यास सिद्ध केलेल्या आवृत्तीत, त्या पत्रानंतर ३४८ वर्षांनी.